नंबर सगळ्यांकडे आहे, पण फोन कोण लावणार?

१० सप्टेंबरला जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन असतो, त्यानिमित्त गेल्या अंकात आपण एक छोटी चौकट छापली होती. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि 'मन मोकळं करा' वगैरे दोन ओळी. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचं म्हणणं एकच, नंबर मिळाला हो ताई, पण पुढे काय? आणि ते बरोबरच आहे. नंबर फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पत्रं छोटी केलीत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा आहे, हिंजवडीत जॉब करतो, फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो. दिवसा ठीक असतो, मीटिंगमध्ये जोक पण मारतो, पण रात्री दोन-तीनला जाग येते आणि मग सगळं संपवून टाकावं असं वाटत राहतं. तुमचा नंबर सेव्ह केलाय, दोनदा डायल करून कट पण केला. फोन लागल्यावर बोलायचं काय? पोलिस घरी येतात का? ऑफिसला कळतं का? आणि एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केला म्हणून हसतील का? कारण तसं बघितलं तर माझ्या आयुष्यात काहीच वाईट नाहीये.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाच. हे वाचताना जर मनात आज, आत्ता, अमुक असं करायचं इतकं पक्कं झालं असेल तर खोलीत एकटा थांबू नकोस, बाहेर ये आणि फ्लॅटमधल्या मित्राला उठव. रात्रीचे तीन वाजले असले तरी उठव. 'मला एकट्याला राहायची भीती वाटतेय, माझ्याजवळ बस' एवढं म्हटलंस तरी पुरतं. दोघं मिळून ११२ लावा, किंवा १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स, किंवा सरळ रिक्षा करून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. छातीत दुखतंय म्हणून जातात ना तसंच, त्यात काही वेगळं नाही.

आता फोनचं. १४४१६ लावलं की (हाच नंबर १८०० ८९१ ४४१६ असाही आहे, दोन्ही फुकट, चोवीस तास) आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो आणि भाषा विचारतो. बरेच जण इथेच कट करतात, कारण त्यांना वाटतं हे बँकेच्या कस्टमर केअरसारखं होणार. थांब जरा. मराठी निवड, मग तुझ्या राज्यातल्या सेंटरवर ट्रेनिंग घेतलेला काउन्सेलर फोनवर येतो. ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, बेंगळुरूची निम्हान्स संस्था तिचं मुख्य केंद्र आहे, आणि २०२५ पर्यंत २० लाखांच्या वर फोन तिथे आलेत, त्यामुळे रात्री तीनला फोन करणारा तू पहिला नाहीस आणि त्या रात्रीचा एकटाही नाहीस. काउन्सेलरला वाटलं की याला जास्त मदत लागेल तर तो पुढच्या पातळीवर, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळचं सरकारी हॉस्पिटल सांगतो.

काय बोलायचं? पहिलं वाक्य आधीच ठरवून कागदावर लिहून ठेव, कारण ऐन वेळी घसा बंद होतो. असं काहीतरी, 'मला रात्री जगावंसं वाटत नाही, बरेच दिवस झाले, आणि मला हे कोणाशी तरी बोलायचंय.' झालं. पुढचं विचारायचं काम त्यांचं. ते तुला सरळ विचारतील की आत्महत्येचा विचार येतो का, कसं करायचं ते ठरवलंय का, आत्ता जवळ कोणी आहे का. दचकू नकोस, खरं सांग. गप्प बसलास, रडलास, मध्येच 'जाऊ दे' म्हणालास तरी चालतं. मी काही वर्षं अशा फोनवर बसलेली आहे, दहा मिनिटं नुसतं हुंदके ऐकत बसणं हेही त्या कामातच येतं.

पोलिस? नुसते विचार येतात म्हणून कोणी पोलिस पाठवत नाही. जिवाला आत्ताच्या आत्ता धोका आहे असं दिसलं तर मात्र तुझ्या जवळच्या माणसाला किंवा इमर्जन्सी सेवेला कळवायचा प्रयत्न होऊ शकतो, आणि ते व्हायलाच पाहिजे. ऑफिसला कळायचा संबंधच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा तुझा हक्क लिहिलेला आहे. कंपनीने दिलेला काउन्सेलर असेल तर मात्र पहिल्याच भेटीत विचार, 'यातलं एचआरकडे काय जातं?' स्पष्ट उत्तर मिळालं तर बोल, गोलमोल मिळालं तर बाहेरचा माणूस शोध.

आणि 'माझ्या आयुष्यात काहीच वाईट नाहीये' हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं. डिप्रेशन पगार आणि फ्लॅट बघून येत नाही रे. रोज पहाटे जाग येणं आणि तेव्हाच जास्त वाईट वाटणं ही डॉक्टरच्या दृष्टीने नेहमीची, ओळखीची लक्षणं आहेत, त्यावर उपचार आहेत. गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडायच्या नसतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायच्या नसतात. गोळ्या एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी वगैरे केलेला सायकॅट्रिस्ट देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, त्याचं आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन विचारायला लाजायचं नाही. इन्स्टावर 'हीलर' लिहिलेल्यांच्या नादी लागू नकोस, एवढंच सांगते, नाहीतर माझा बीपी वाढतो.

शेवटचं काम, आणि हे दिवसा करायचंय, रात्री नाही. एक कागद घे. माझं बिनसायला लागलं की मला आधी काय होतं (झोप उडते, फोन उचलत नाही), तेव्हा कशाने थोडा वेळ निघतो (अंघोळ, खालचा चहावाला, बहिणीचा मुलगा), कोणाला फोन करायचा अशी तीन नावं, मग हेल्पलाइन, मग हॉस्पिटल. आणि खोलीत ज्या गोष्टीने मी स्वतःला इजा करेन असं वाटतं ती मित्राकडे देऊन टाकायची. मोबाइलमध्ये नको, कागदावरच लिही, आणि एक कॉपी त्या मित्राला दे. १४४१६ पण उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत लाव, म्हणजे तो भाषेचा मेनू, तो आवाज ओळखीचा होईल आणि तिसऱ्यांदा कट करायची वेळ येणार नाही.

प्रश्न : ताई नमस्कार, यवतमाळ जिल्ह्यातून लिहिते. आमचे हे दोन महिन्यांपासून कोणाशी बोलत नाहीत, जेवण कमी झालं, रात्रभर अंगणात बसतात. कपाशी हातची गेली, सोसायटीचं कर्ज आहे आणि बाहेरचंही आहे. परवा म्हणाले, माझ्यामागं पोरांकडं बघशील ना. मी तुमचा तो नंबर दाखवला तर मोबाइल फेकला, मी काय वेडा आहे का म्हणाले. विचारायला गेलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात घालीन अशी भीती वाटते.

वहिनी, 'माझ्यामागं पोरांकडं बघशील ना' हे वाक्य तुम्ही ऐकलंत आणि तुम्हाला खटकलं, हेच मोठं काम झालं. घरातले लोक बहुतेक वेळा 'काहीतरीच काय बोलता' म्हणून विषय उडवून लावतात.

विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. ही भीती सगळ्यांना असते पण तसं होत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं की कोणीतरी नाव घेऊन बोललं. पोरं झोपल्यावर, ते अंगणात बसले की शेजारी जाऊन बसा. समोर नको, शेजारी. आणि तुमच्याच भाषेत विचारा, 'अहो, त्या दिवशी असं का म्हणालात? जीव द्यायचा विचार येतो का मनात? मला सांगा, मी रडणार नाही आणि कोणापुढं बोलणार नाही.' मग गप्प बसा. खूप वेळ उत्तर येणार नाही, ते चालतं. 'पोरांचा तरी विचार करा', 'लोक काय म्हणतील' हे तेवढं टाळा, त्या माणसाला आधीच आपण ओझं आहोत असं वाटत असतं, त्यात भर पडते. कोणापुढं बोलणार नाही म्हणजे गावभर बोलणार नाही, पण डॉक्टर आणि दिराला सांगावंच लागेल, हेही त्यांना तेव्हाच सांगून टाका.

दुसरं काम आजच करायचं. घरात, गोठ्यात, शेतातल्या खोलीत फवारणीचं जे औषध असेल ते सगळं उचलून दिराकडे किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. वाद होईल, होऊ द्या. याचं कारण असं की ती वेळ बऱ्याचदा थोडी असते, काही मिनिटं, काही तास, आणि तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेचं उदाहरण माझ्या तोंडात कायम असतं. १९९० च्या दशकापासून त्यांनी सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर ७० टक्क्यांहून जास्त खाली आला. कर्ज तर तिथेही होतं, दुःखही होतं. आपल्याकडे हे सरकारने करायचं तेव्हा करेल, तुमच्या घरापुरतं तुम्ही आज करू शकता.

त्यांनी मोबाइल फेकला ना, मग फोन तुम्ही लावा. हेल्पलाइन आजारी माणसासाठीच असते असं नाही, घरच्यांनाही तिथे बोलता येतं. १४४१६ लावा, मराठी निवडा, 'माझ्या नवऱ्याबद्दल काळजी वाटते' इथून सुरू करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प शेतकऱ्यांसाठीच आहे, त्यासाठी १०४ नंबर आहे, आणि गावातली आशाताई त्याच कामाचा भाग आहे. आशाताईला गाठा. ती 'बीपी तपासायला आले' म्हणून घरी येऊ शकते, त्यांना 'डोक्याचा डॉक्टर' हा शब्द ऐकायची गरज नाही. आमच्याकडचे पुरुष झोप लागत नाही, भूक लागत नाही, छातीत धडधडतं यासाठी डॉक्टरकडे येतात, मनासाठी येत नाहीत. तर झोपेसाठीच न्या. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरला आधी एकट्याने भेटून सगळं सांगून ठेवा, ते जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवतील. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरपासून सगळं मोफत आहे, पैशासाठी अडून राहू नका. सोबत एक पुरुष माणूस घ्या, ज्याचं ते ऐकतात असा. मामा, जुना मित्र, कोणीही.

कर्जाचं दार वेगळं आहे पण तेही ठोठवायचं. बाहेरचा देणारा बिनपरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता. हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. आधी औषध कुलपात, मग आशाताई, मग दवाखाना, कर्ज त्यानंतर.

एक आकडा सांगते, तुमच्या मिस्टरांना ऐकवायचा नाही, तुमच्यासाठी. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आयुष्य संपवल्याची नोंद झाली, त्यात १,२२,७२४ पुरुष होते. सगळ्यात जास्त, २२,७४६ जण, आपल्या महाराष्ट्रातले. आणि मदत मागायची वेळ आली की हेच पुरुष 'मी काय वेडा आहे का' म्हणतात. त्यामुळे त्यांनी स्वतःहून फोन करायची वाट बघू नका.

प्रश्न : मी लातूरला नीटची तयारी करते, १७ वर्षांची आहे. माझी रूममेट हातावर जखमा करून घेते आणि परवा म्हणाली की रिझल्टनंतर मी नसेनच. मला देवाची शपथ घातली कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर ती माझ्याशी कधीच बोलणार नाही.

बाळा, ही शपथ मोडायची. ती आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल, पण ती आयुष्यभर असली पाहिजे. आणि खरं सांगू, तिने तुला सांगितलं यातच तिला कुठेतरी वाटतंय की कोणीतरी थांबवावं. तिला फसवून सांगू नकोस, तिच्यासमोर म्हण, 'मला हे एकटीला झेपत नाहीये, मी मोठ्या माणसाला सांगणार आहे, तू पण चल.' आली तर उत्तम, नाही आली तरी जायचं, आजच. रेक्टर मॅडम समजूतदार असतील तर त्यांना, नसतील तर तिच्या आईला फोन कर, वडिलांपेक्षा आईला आधी. तिच्या घरचे मारतील अशी तुला भीती असेल तर आधी स्वतःच्या आईला सांग, मोठी माणसं आपसात बोलतील.

तुम्ही दोघी १८ च्या आत आहात म्हणून १०९८ ही मुलांची हेल्पलाइन पण आहे, चोवीस तास. १४४१६ तर आहेच. फोन तू लाव, स्पीकरवर ठेव आणि तिच्याजवळ बस. आणि आज रात्री तिला एकटीला झोपू देऊ नका, तुझ्याशिवाय अजून एक मैत्रीण सोबत घे. सगळं ओझं तू वाहायचं नाहीस, तुझापण पेपर आहे.

क्लासवाले आणि हॉस्टेलवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय, आणि त्यात कोचिंग क्लासेसही येतात. भिंतीवर 'यू कॅन डू इट' चं पोस्टर म्हणजे समुपदेशक नव्हे.

प्रश्न : सोलापूरहून लिहितोय. माझ्या लहान भावाने मागच्या आठवड्यात प्रयत्न केला, आता शुद्धीवर आहे, खासगी दवाखान्यात आहे. हॉस्पिटलवाले म्हणतात पोलिस केस होणार. पोलिस जबाब घेऊन गेले. आता त्याच्यावर ३०९ लागणार का? सरकारी नोकरीचा फॉर्म भरलाय त्याने. आई म्हणते डिस्चार्ज घेऊन आधी घरी न्या, कोणाला कळता कामा नये.

दादा, आधी तुमच्या घाईबद्दल बोलते, कायदा नंतर. घरी नेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञ त्याला बघून गेलेत का? नसतील तर डिस्चार्ज घेऊ नका. पोट साफ झालं, सलाइन झालं, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे बरा झाला असं नसतं, आणि असा प्रयत्न झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे जास्त धोक्याचे असतात. डॉक्टरना स्पष्ट सांगा, 'सायकॅट्रीचा रेफरन्स हवाय, त्याशिवाय आम्ही नेणार नाही.' त्या दवाखान्यात सोय नसेल तर कुठे दाखवायचं ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि घरी न जाता तिथे जा. पुढची तारीख हातात असल्याशिवाय हलू नका. घरी आल्यावर गोळ्यांची स्ट्रिप त्याच्या उशाला नको, तुमच्याकडे राहू दे, रोजची रोज द्या.

आता कायदा. मेडिको-लीगल केस म्हणून पोलिसांना कळवणं हे हॉस्पिटलला करावंच लागतं, ती नोंद असते, त्याचा अर्थ तुमचा भाऊ गुन्हेगार असा नाही. आधी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत शिक्षा होती. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात जुनं ३०९ घेतलेलंच नाही. एक २२६ कलम आहे, पण ते सरकारी नोकराला त्याचं काम करण्यापासून रोखायला किंवा काम करायला भाग पाडायला कोणी असा प्रयत्न केला तर, तुमच्या घरातल्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. कोणी 'केस मिटवतो' म्हणून पैसे मागितले तर कलम ११५ चं नाव घ्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील मागा.

अजून एक, मेडिक्लेम असेल तर पॉलिसी नीट वाचा. मानसिक आजाराच्या उपचारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं असं याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे, त्यामुळे पुढच्या सायकॅट्रीच्या उपचारांचा क्लेम 'हे बसत नाही' असं एजंटने तोंडी सांगितलं तर लेखी मागा.

आईंना काय सांगायचं? नातेवाइकांना सांगू नका, काही हरकत नाही, पोटाचा त्रास झाला म्हणा. पण घरातल्या घरात गप्प बसू नका. भावाला 'असं का केलंस' विचारू नका, 'खूप त्रास होत होता ना तुला' म्हणा. येरवड्याला पाठवतील या भीतीने सोलापुरातली अर्धी घरं उपचार टाळत असतील. हल्ली बहुतेकांचे उपचार ओपीडीतच होतात.

प्रश्न : मी एका हेल्पलाइनला फोन केला होता. पंधरा मिनिटं लागलाच नाही, लागला तेव्हा समोरची व्यक्ती मेडिटेशन करा, पॉझिटिव्ह राहा म्हणाली. परत कधीच करणार नाही.

तुमचा राग रास्त आहे. अशा वेळी उपदेश करणं हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी करू नका म्हणून सांगतात. तरी परत करा, पण दुसरीकडे. एकच नंबर ठेवायचाच नाही मुळी, तीन ठेवायचे. टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल ९१५२९८७८२१, तिथे प्रशिक्षित व्यावसायिक लोक बोलतात पण रात्रभर नसतात. वांद्रेवाला फाउंडेशन ९९९९६६६५५५, चोवीस तास, बोलवत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करता येतं. पुण्यातली कनेक्टिंग ट्रस्ट ९९२२००४३०५ आणि ९९२२००११२२, हे दुपारी आणि संध्याकाळी असतात, स्वयंसेवक असतात, सल्ला देत नाहीत, ऐकतात. तुम्हाला बहुतेक हेच हवं होतं. वेळा मधेमधे बदलतात, म्हणून बरं असताना एकदा लावून बघा. आणि समोरचा माणूस जमत नसेल तर 'मला दुसऱ्या कोणाशी बोलायचंय' असं सांगायला काहीच हरकत नाही, डॉक्टर बदलतो तसं.

प्रश्न : आम्ही गोव्यात राहतो, डिचोलीला. तुम्ही सगळं महाराष्ट्राचंच सांगता.

खरंय, माफी असावी. टेलिमानस देशभर एकच आहे, गोव्यातून लावलं तरी चालतं. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आयपीएचबी, जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळच, तातडीचं असेल तर थेट तिथे न्या. आणि कूज ही संस्था गोव्यात हेच काम करते, ०८३२-२२५२५२५, दुपारनंतर काही तास.

प्रश्न : मी न्यू जर्सीत आहे, आईबाबा रत्नागिरीला. माझीच मनःस्थिती चांगली नाही आणि आईला सांगू शकत नाही. इथे मराठीत कोणी मिळेल का?

भाषेच्या शोधात थांबू नका. तिथे ९८८ लावा, फोन करा किंवा मेसेज करा, जुलै २०२२ पासून अख्ख्या अमेरिकेत हाच नंबर आहे, चोवीस तास, आणि दुभाषा मागता येतो. इंग्लंडमध्ये असाल तर ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, कॅनडातही आता ९८८. व्हिसाची काळजी वाटते म्हणून लोक फोन करत नाहीत, पण फोन करताना कोणी व्हिसा विचारत नाही. मराठीत बोलायचं असेल तर तिथल्या मराठी मंडळातल्या एखाद्या मावशींना घरी बोलवा, चहाला. सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. 'मला बरं नाहीये, आठवड्यातून एकदा फोन कराल का' एवढंच मागा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका ताईंचा १९ वर्षांचा मुलगा असा गेला. सगळे टाळतायत त्यांना. मला भेटायला जायचंय पण जाऊन बोलायचं काय?

जा. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरी गरज त्यानंतर लागते, तेव्हा नक्की जा. कसं झालं, चिठ्ठी होती का, प्रेमप्रकरण होतं का, यातलं एक अक्षर विचारायचं नाही. 'देवाची मर्जी' आणि 'वेळीच लक्ष द्यायला हवं होतं' ही दोन्ही वाक्यं घरी ठेवून जा. मुलाचं नाव घ्या. लोक नाव घ्यायचंच बंद करतात आणि आईला वाटतं आपला मुलगा कधी नव्हताच. 'अमुक माझ्या मुलीला सायकल शिकवायचा' असं काही असेल तर सांगा. काहीच सुचलं नाही तर भाजी निवडत बसा त्यांच्याबरोबर.

आणि डोळा ठेवा जरा. असं जाणं घडलेल्या घरात मागे राहिलेल्यांच्याही मनात तसे विचार येऊ शकतात, भावंडांच्या जास्त. ती धाकटी शाळेत जाते का, वडील जेवतात का बघा. वर दिलेल्या कनेक्टिंग ट्रस्टचं अशा घरांसाठी वेगळं काम आहे, तिथे हेच भोगलेली माणसं भेटतात. नंबर त्यांच्या हातात देऊन येऊ नका. 'मी फोन लावते, तुम्ही बोला, मी इथेच आहे' असं म्हणा, नको म्हणाल्या तर पुढच्या बुधवारी परत विचारा.